व्हीएस कोड की टर्मिनल: कुठलं काम कुठे लवकर होतं?

खटका
‘एडिटर कुठला चांगला’ यावर जुने धागे पुष्कळ आहेत आणि ते सगळे ‘ज्याची त्याची आवड’पाशी येऊन थांबतात. मला आवड विचारायची नाही, काम विचारायचं आहे. पायथन आणि टाइपस्क्रिप्टचा दोनेक हजार फायलींचा प्रोजेक्ट, लॅपटॉपवर उबुंटू, टेस्टिंगचे सर्व्हर एसएसएचवर (म्हणजे दूरच्या यंत्रावर टर्मिनलमधून शिरायचं). अशा ठिकाणी व्हीएस कोडमध्ये (मायक्रोसॉफ्टचा खिडकीतला एडिटर) कुठली कामं खरोखर लवकर उरकतात आणि कुठली टर्मिनलमधल्या व्हिम (एडिटर), ग्रेप (शोध), सेड (बदल), टीमक्सने (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं)? कळा, सेटिंग आणि नेमकं कुठे अडतं ते लिहा.
माझं मत आधीच मांडतो. माउसकडे हात गेला की वेळ जातो हे खरं, पण व्हीएस कोड कळफलकावरून पूर्ण चालवता येतो. त्यामुळे ‘टर्मिनल जलद कारण माउस नाही’ हा मुद्दा मला पटत नाही.

शेलदार
सुरुवात अनेक फायलींत एकच शब्द बदलण्यापासून करू. टर्मिनलमध्ये ही एक ओळ आहे:
गिट ग्रेप -एलझेड जुनंनाव | एक्सआर्ग्ज -० सेड -आय 's/जुनंनाव/नवंनाव/g'
मग लगेच गिट डिफ, म्हणजे काय बदललं ते दिसतं. दोन हजार फायली असोत की वीस हजार, डोळे मिटून उघडेपर्यंत होतं. झेड आणि शून्य विसरू नका, नाहीतर नावात स्पेस असलेल्या फायलीवर ओळ फुटते.
खाचाखोचा: गिट ग्रेप फक्त ट्रॅक केलेल्या फायली बघतो, नुकतीच बनवलेली आणि ॲड न केलेली फाइल सुटते. मॅकवर सेडची जात वेगळी, तिथे -आय नंतर रिकामं अवतरण द्यावं लागतं. आणि साध्या ग्रेपला कॅपिटल आर देऊन सिमलिंक (दुसऱ्या फायलीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) पकडल्यात, तर सेड -आय त्या लिंकच्या जागी सरळ साधी फाइल ठेवतो. लिंक गेली हे डिफ नीट वाचल्याशिवाय कळत नाही.

अर्धविराम
@शेलदार, ओळ चोख आहे, पण ती अक्षरं बदलते, नाव बदलत नाही. ‘डेटा’ नावाचा व्हेरिएबल चार फंक्शनांत चार वेगळ्या अर्थांनी असतो. त्यातला एकच बदलायचा असेल तर सेडला ते कळायला मार्गच नाही. व्हीएस कोडमध्ये नावावर कर्सर, एफ२, नवं नाव, एंटर. लँग्वेज सर्व्हरला (कोडचा अर्थ लावणारा वेगळा प्रोग्राम) स्कोप, म्हणजे नाव कुठवर लागू आहे ते, माहीत असतो, त्यामुळे स्ट्रिंग आणि कॉमेंटमधला तोच शब्द तसाच राहतो. एंटरऐवजी नावाच्या पेटीखाली दिलेली ‘प्रीव्ह्यू’ची कळ दाबलीत तर आधी सगळे बदल समोर मांडले जातात, नको त्यावरची खूण काढता येते.
टाइपस्क्रिप्टमध्ये हे अगदी भरवशाचं. पायथनमध्ये ‘गेटॲट्र’ने स्ट्रिंगमधून नाव घेणारा कोड असेल तर तो निसटतो. म्हणून एफ२ नंतर एकदा शोध घ्यायचाच.

शेलदार
मान्य. पण एफ२ हे व्हीएस कोडचं स्वतःचं बळ नव्हे, ते लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलचं. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली तो खुला केला, आणि निओव्हिममध्ये (व्हिमचा नवा अवतार) ०.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, त्याचा क्लायंट आतच आहे. तोच सर्व्हर, तेच नामांतर, टर्मिनलमध्येच.

अर्धविराम
हो, आणि म्हणूनच ‘टर्मिनल की खिडकी’ हा निम्मा वाद २०१६ लाच मिटला असं मला वाटतं. उरलेला निम्मा असा: मजकूर कुठे ठेवलाय आणि बदल कुठल्या जातीचा आहे.

कृष्णाकाठ
एकाच फायलीत सहा-सात जागी बदल, हे काम दिवसभरात सर्वांत जास्त वेळा येतं. दोन्हीकडची रीत शेजारी ठेवतो.
व्हीएस कोड: शब्दावर कर्सर, कंट्रोल-डी पुन्हा पुन्हा, दर वेळी पुढची जागा निवडली जाते. एखादी वगळायची तर कंट्रोल-के कंट्रोल-डी. एक पाऊल मागे यायचं तर कंट्रोल-यू. सगळ्या एकदम हव्यात तर कंट्रोल-शिफ्ट-एल. मग टाइप करा, सगळीकडे एकाच वेळी उमटतं.
व्हिम: शब्दावर * दाबा, मग सी-जी-एन, नवा शब्द, एस्केप. आता एन दाबून पुढच्या जागी जा. बदलायचं असेल तर टिंब, नसेल तर पुन्हा एन. टिंब म्हणजे ‘शेवटचा बदल पुन्हा कर’.
माझ्या मते सहा-सात जागांसाठी कंट्रोल-डी सरस, कारण सगळे कर्सर डोळ्यांसमोर असतात. साठ-सत्तर जागा असतील आणि प्रत्येक ठिकाणी निर्णय घ्यायचा असेल तर एन आणि टिंब. तिथे बहुकर्सरमध्ये एक निवड चुकली की पुढचं सगळं वाकडं जातं.
एक बारकावा फार जणांना माहीत नसतो. नुसता कर्सर ठेवून कंट्रोल-डी केलं तर पूर्ण शब्दच जुळवला जातो. आधी हाताने अक्षरं निवडून केलं तर शब्दाच्या पोटातलीही जुळतात. ‘आयडी’ हाताने निवडलंत तर ‘युजरआयडी’ही सोबत येणार.

तिसरा_मजला
वाचतोय. व्हिममध्ये अनेक फायलींसाठी सीएफडूचा उल्लेख हवा होता.

कृष्णाकाठ
@तिसरा_मजला, घ्या: आधी :ग्रेप -आर जुनंनाव . (शेवटचं टिंब म्हणजे हा फोल्डर), याने क्विकफिक्सची, म्हणजे सापडलेल्या जागांची, यादी भरते. मग
:cfdo %s/जुनंनाव/नवंनाव/gc | update
शेवटचा सी दिला की प्रत्येक ठिकाणी होय-नाही विचारतो. सेड आंधळा चालतो, हे डोळस. व्हीएस कोडमध्ये याचा जोडीदार म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-एच. तिथे आत रिपग्रेप (ग्रेपसारखं शोधणारं साधन) चालतो आणि गिटइग्नोरमधल्या (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीतल्या) फायली वगळल्या जातात. ‘फाइल दिसतेय पण शोधात येत नाही’ असं झालं की आधी शोधाच्या पट्टीतलं चाकाचं बटण बघायचं. शिवाय निकालांची मर्यादा मुळात २०,००० आहे. त्याहून जास्त जुळण्या असतील तर ‘सगळे बदला’ हे सगळे बदलत नाही, तशी सूचना वर बारीक अक्षरांत येते.

मांडवी_तीर
व्हीएस कोडच्या आतलं टर्मिनल वापरणाऱ्यांसाठी. लिनक्स आणि विंडोजवर बॅशमध्ये (कमांड चालवणारा शेल) कंट्रोल-पी ने मागची कमांड येते, पण इथे ती कळ एडिटर गिळतो आणि फाइल उघडायची पेटी येते. कंट्रोल-ई चं तेच. कंट्रोल-के दाबलं तर खाली ‘पुढच्या कळेची वाट बघतोय’ असं दिसतं आणि ओळ कापली जातच नाही.
उपाय: सेटिंगमध्ये ‘कमांड्स टू स्किप शेल’ शोधा. त्या यादीत क्विक ओपनच्या कमांडचं नाव पुढे उणे चिन्ह लावून घाला, म्हणजे ती कळ शेलकडे जाईल. कंट्रोल-के साठी ‘अलाउ कॉर्ड्स’ बंद करा. मॅकवर एडिटरच्या कळा कमांडवर असल्याने ही झटापट नाही.
हे केलं नाही तर आतलं टर्मिनल कायम अर्धवट वाटतं आणि दोष शेलला जातो.

दूरदेशी
न्यू जर्सीत बसून मुंबईचा सर्व्हर, किंवा उलट. या धाग्यातला सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा ही फेरी साधारण २०० मिलिसेकंदांची. एसएसएचवरून व्हिम चालवला तर दाबलेलं प्रत्येक अक्षर तिकडे जाऊन परत येतं आणि मग दिसतं. व्हीएस कोडच्या रिमोट-एसएसएचमध्ये खिडकी आणि मजकूर तुमच्या लॅपटॉपवर, फाइल आणि लँग्वेज सर्व्हर तिकडे. टाइप करताना विलंब शून्य, फक्त सेव्ह आणि सूचना उशिरा. लांबच्या सर्व्हरवर दिवसभर कोड लिहायचा असेल तर इथे टर्मिनलवाल्यांनी हार मानावी.
टर्मिनलच हवं असेल तर एसएसएचऐवजी मॉश वापरा. तो टाइप केलेलं अंदाजाने आधीच दाखवतो, वायफाय बदललं तरी सत्र तुटत नाही. फायरवॉलमध्ये यूडीपी ६०००० ते ६१००० उघडे लागतात, कंपन्यांमध्ये नेमकं तेच बंद असतं.

रात्रपाळी
@दूरदेशी, रिमोट-एसएसएचच्या अटीही सांगा ना. तिकडच्या यंत्रावर किमान १ जीबी रॅम, बरं चालायला २ जीबी. एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये टीसीपी फॉरवर्डिंग बंद असेल तर जोडणी होत नाही. आणि १.९९ आवृत्तीपासून, म्हणजे २०२५ च्या मार्चपासून, तिकडे जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ किंवा वरची लागते. सेंटओएस ७ वर २.१७ आहे, उबुंटू १८.०४ वर २.२७. दोन्ही बाद. जुने सर्व्हर सांभाळणाऱ्यांना व्हिमशिवाय गत्यंतर नाही.
प्रॉडक्शनच्या (खऱ्या वापरातल्या) यंत्रावर तर व्हीएस कोडचा सर्व्हर बसवूच नये असं माझं स्पष्ट मत. होम फोल्डरमध्ये शेकडो एमबी आणि नोडची प्रक्रिया, ते कशासाठी? तिथे बघायचं असतं, लिहायचं नसतं. लॉगसाठी लेस (टर्मिनलमध्ये फाइल वाचायचं साधन) +कॅपिटल एफ: टेल -एफ सारखा धावत राहतो, कंट्रोल-सी ने थांबतो, मग / ने शोधा, & देऊन फक्त जुळणाऱ्या ओळी ठेवा, कॅपिटल एफ ने पुन्हा धावता. लांब ओळी गुंडाळल्या जाऊ नयेत म्हणून -कॅपिटल एस. फाइल कितीही मोठी असो, पूर्ण रॅममध्ये घेत नाही.
कॉन्फिग बदलायची वेळ आलीच तर सुडोएडिट. तो फायलीची तात्पुरती प्रत तुमच्या एडिटरमध्ये उघडतो आणि बंद केल्यावर मूळ जागी ठेवतो, एडिटर रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालतच नाही.

तिसरा_मजला
छोट्या उबुंटू सर्व्हरवर व्हीआय (व्हिमचा पूर्वज) उघडला आणि इन्सर्टमध्ये (टाइप करायच्या मोडमध्ये) बाणांच्या कळांनी ए, बी, सी, डी उमटायला लागले, तर घाबरू नका. तो व्हिमचा टायनी अवतार जुन्या सुसंगत मोडमध्ये असतो. :set nocp दिलं की सुधारतो.

इंद्रायणी
ईमॅक्सवाल्यांना कोणी बोलावलंच नाही! ट्रॅम्पने (ईमॅक्स या एडिटरमधली सोय) दूरची फाइल इथल्याच ईमॅक्समध्ये उघडते, तिकडे काहीही बसवावं लागत नाही, साधा शेल पुरतो. एसएसएचवरून जाऊन तिथे सुडो, अशी साखळीही एकाच पत्त्यात लिहिता येते. सेंटओएस ७ वरसुद्धा. @रात्रपाळी, तुमच्या जुन्या सर्व्हरांना हा मार्ग बघा. मंद वाटला तर एसएसएचच्या सेटिंगमध्ये कंट्रोलमास्टर चालू करा, म्हणजे दर वेळी नवी जोडणी होत नाही.

बोरू
विषय थोडा बाजूला नेतो, पण मराठी भाषांतराच्या फायली हाताळणाऱ्यांच्या कामाचा आहे. टर्मिनल म्हणजे चौकटींची जाळी, एका चौकटीत एक अक्षर. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या मागून टाइप होते आणि पुढे दिसते. ‘क्ष’ तीन कोडचा, चौकटी मोजल्या जातात दोन, दिसतो एक. त्यामुळे बऱ्याच टर्मिनलांत मजकूर फुटतो आणि कर्सर एकीकडे, अक्षर दुसरीकडे. व्हीएस कोडच्या मुख्य खिडकीत जोडाक्षरं नीट जुळतात, पण त्याच्याच आतल्या टर्मिनलमध्ये पुन्हा जाळीच. मराठी मजकूर लिहायला खिडकीचा एडिटर घ्या, यात मला शंका नाही.
शोधायला मात्र टर्मिनल उत्तम, एक सापळा ओळखून. ‘ॲप’मधला ॲ दोन-तीन प्रकारे टाइप केलेला सापडतो: एकसंध ॲ, ज्याचा कोड ०९७२, किंवा अ आणि त्यावर चंद्र, आणि कधी त्या दोघांच्या मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर सगळे सारखे. ग्रेप कोड बघतो, त्यामुळे एकच प्रकार शोधलात तर निम्म्या जागा राहतात. युनिकोडच्या सामान्यीकरणानेही हे एक होत नाहीत, कारण प्रमाणात त्यांना समतुल्य मानलेलंच नाही. रेगेक्समध्ये (शोधाच्या नमुन्यात) सगळे पर्याय उभ्या रेघेने द्यायचे. शंका आली की व्हिममध्ये अक्षरावर जी-ए दाबा, आतले सगळे कोड खाली दिसतात. ऱ्य मधल्या ऱ चेही दोन प्रकार, फक्त ते सामान्यीकरणाने एक होतात: तो एकसंध ०९३१ असतो किंवा र आणि खाली नुक्ता.

मांडवी_तीर
@बोरू, हे वेगळ्या धाग्यात जपून ठेवा हो. एक भर: इनस्क्रिप्ट (मराठी कळफलक) चालू असताना व्हिमच्या नॉर्मल (कमांड द्यायच्या) मोडमध्ये जे दाबलं तर र जातो, के ला क, एल ला त, एच ला प. कर्सर हलत नाही. लँगमॅपमध्ये (कुठलं अक्षर कुठली कळ मानायचं ते सांगणारं व्हिमचं सेटिंग) या चार जोड्या लिहिल्या की हलायचं काम होतं. डीच्या जागी मात्र पाय मोडायचं चिन्ह येतं, ते यादीत घालणं कटकटीचं. त्यापेक्षा एस्केपने इन्सर्टमधून बाहेर पडताना कळफलक इंग्रजीवर आणायची सवय बरी. आणि एक्स ने मात्रेसकट अक्षर जातं, फक्त मात्रा काढायची तर डेलकंबाइन चालू करा.

कृष्णाकाठ
एस्केपचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. टीमक्सच्या आत व्हिममध्ये एस्केप अडखळतो, कारण बाणांच्या कळांचे संकेतही एस्केपच्याच बाइटने सुरू होतात. पुढे काही येतंय का, म्हणून टीमक्स थांबून बघतो. जुन्या आवृत्त्यांत हा काळ ५०० मिलिसेकंद आहे. ‘एस्केप-टाइम’ १० करा.
दुसरं: बिल जॉयने १९७६ च्या सुमारास व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर, आणि तिथे एस्केप आजच्या टॅबच्या जागी होता. बाणही एच-जे-के-एल वरच छापलेले. आज ती कळ कोपऱ्यात गेली, म्हणून कॅप्स लॉकला एस्केप करतात. लिनक्सवर हे केल्यावर सगळीकडे चालतं, पण व्हीएस कोडच्या व्हिम एक्स्टेन्शनमध्ये चालत नाही, अशी तक्रार नेहमी येते. सेटिंगमध्ये ‘कीबोर्ड डिस्पॅच’ हे ‘कीकोड’ करा आणि एडिटर पुन्हा सुरू करा.

अर्धविराम
डीबगिंगबद्दल कोणीच बोललं नाही आणि तिथे खिडकीचं पारडं जड आहे. अट घातलेला ब्रेकपॉइंट, लॉगपॉइंट (कोड न बदलता ओळीवरून जाताना मजकूर छापणारा), सगळी व्हेरिएबल्स बाजूला उघडी. दूरच्या पायथनसाठी तिकडे डीबगपाय (पायथनचा डीबगर) ५६७८ पोर्टवर ऐकत ठेवा, एसएसएचने पोर्ट इकडे आणा, ‘अटॅच’ करा. ब्रेकपॉइंट करडा पोकळ दिसला तर ‘पाथ मॅपिंग्ज’ चुकलेत: तिकडचा आणि इकडचा फोल्डर जुळत नाही. लायब्ररीच्या आत शिरत नसेल तर ‘जस्ट माय कोड’ बंद करा.

रात्रपाळी
चालू प्रोग्रामसाठी मान्य. मेलेल्यासाठी नाही. कोअर फाइल (कोसळताना वाचवलेली मेमरीची प्रत) सर्व्हरवर पडलीय, तिथे जीडीबी (टर्मिनलमधला डीबगर) उघडून बीटी दिलं की दोन मिनिटांत कळतं कुठे कोसळला. कंट्रोल-एक्स आणि ए दाबलं की वर सोर्सही दिसतो.

खटका
खूप मिळालं, सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या प्रोजेक्टसाठी असं दिसतंय: कोड लिहिणं, नामांतर, डीबगिंग, मराठी मजकूर हे व्हीएस कोडमध्ये. सरसकट बदल, लॉग, प्रॉडक्शन टर्मिनलमध्ये. दोन शंका राहिल्या. गिटचा कमिट संदेश व्हीएस कोडमध्ये उघडायला ठेवला तर ‘संदेश रिकामा’ म्हणून कमिट रद्द होतं. आणि मोठ्या फोल्डरमध्ये ‘फायलींवर नजर ठेवता येत नाही’ अशी सूचना येते.

मांडवी_तीर
पहिलं: एडिटर म्हणून नुसतं ‘कोड’ दिलं असणार. खिडकी उघडून ती कमांड लगेच परतते, गिटला वाटतं लिहून झालं. ‘कोड --वेट’ द्या आणि लिहून झाल्यावर तो टॅब बंद करा.

शेलदार
दुसरं: लिनक्स कर्नलच्या आयनोटिफायची (फायलींवर पहारा ठेवणारी सोय) मर्यादा. जुन्या कर्नलवर ती ८१९२ असते, ५.११ पासून रॅमच्या प्रमाणात ठरते. सिसकंट्रोलच्या कॉन्फमध्ये मॅक्स यूजर वॉचेस ५२४२८८ करा आणि सुडो सिसकंट्रोल -पी. प्रत्येक पहाऱ्याला साधारण १०८० बाइट लागतात, म्हणजे सगळे वापरले गेले तर ५४० एमबीच्या आसपास. म्हणून त्याआधी ‘वॉचर एक्सक्लूड’मध्ये व्हर्च्युअल एन्व्हचं आणि बिल्डचं फोल्डर घाला. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं आणि आकडा वाढवावाच लागत नाही.

तिसरा_मजला
आणि एडिटर एकूणच जड वाटत असेल तर कमांड पॅलेटमधून ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ चालवा. दर वेळी निम्मी एक्स्टेन्शनं बंद करून तो तुम्हाला विचारतो, त्रास आहे की गेला? बत्तीस असतील तर पाच फेऱ्यांत दोषी हाती लागतं. बहुतेक वेळा एडिटर जड नसतो, त्यातलं एखादं एक्स्टेन्शन प्रत्येक सेव्हला अख्खा प्रोजेक्ट तपासत बसलेलं असतं.

खटका
@शेलदार, व्हर्च्युअल एन्व्ह वगळल्यावर सूचना गेली. आकडा होता तसाच ठेवलाय.